बाळंतपणाला माहेरी आणि जपानच्या कार्डावरची तारीख

टोक्योच्या एदोगावा भागात, विशेषतः निशी-कासाईच्या आसपास, भारतीय वस्ती मोठी आहे आणि तिच्यात मराठी कुटुंबंही आहेत. लग्न होऊन वर्ष-दीड वर्ष झालेलं असतं, बाळाची चाहूल लागते आणि पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरतं. तिकीट निघतं, डॉक्टरांचं पत्र घेतलं जातं, सासर-माहेरची माणसं तारखा जुळवतात. या सगळ्या धावपळीत एक तारीख बघायची राहून जाते. ती असते बाईच्या रेसिडेन्स कार्डावर, जपानीत म्हणायचं तर झाइर्यू कार्डावर.

खालचं प्रकरण नमुन्यादाखल रचलं आहे, तारखाही त्याच हिशेबाने धरल्या आहेत. नियम आणि रकमा मात्र जपानच्या इमिग्रेशनच्या आहेत, आणि अशी कोंडी नेहमी होते.

नवरा आयटी कंपनीत आहे, त्याच्या कार्डाची मुदत २०२८पर्यंत. बायको २० नोव्हेंबर २०२४ रोजी डिपेंडंट, म्हणजे नवऱ्यावर अवलंबित म्हणून टोक्योत उतरली. तिला विमानतळावर मिळालेल्या कार्डावर मुक्कामाची मुदत एक वर्ष, म्हणजे २० नोव्हेंबर २०२५पर्यंत. बाळंतपणाची तारीख १० ऑक्टोबर २०२५. बहुतेक विमान कंपन्या अठ्ठावीस आठवडे उलटले की डॉक्टरांचं पत्र मागतात आणि शेवटच्या महिन्यात नेतच नाहीत, म्हणून २० जुलैचं तिकीट काढलं. विमानतळावर पुनर्प्रवेशाच्या फॉर्मवर 'तात्पुरतं बाहेर जात आहे, परत येणार' या चौकोनात खूण केली, कार्ड दाखवलं, बाहेर पडली. इथवर एकही पाऊल चुकलेलं नाही.

घरच्यांचा समज असा, की या खुणेमुळे एक वर्ष मिळालं, म्हणजे जुलै २०२६पर्यंत कधीही परत जाता येईल. सप्टेंबरच्या मध्यावर नवऱ्याने कार्डाचा फोटो सहज पाहिला आणि ती तारीख लक्षात आली.

एक वर्षाचा अर्थ

९ जुलै २०१२ रोजी जपानने परदेशी नागरिकांची जुनी नोंदणी बंद करून रेसिडेन्स कार्डाची पद्धत आणली. त्याच दिवसापासून स्पेशल री-एन्ट्री सुरू झाली, जपानीत 'मिनाशी साइन्यूकोकु'. त्याआधी सुट्टीला गावी जायचं तरी इमिग्रेशनच्या खिडकीवर जाऊन परमिट काढावं लागे. आता वैध पासपोर्ट आणि वैध कार्ड असेल आणि वर्षाच्या आत परतायचं असेल, तर फॉर्मवरची खूण पुरते. पैसे लागत नाहीत.

नियमाचं दुसरं वाक्य मात्र लोक वाचत नाहीत. मुक्कामाची मुदत वर्षाच्या आत संपत असेल, तर परतीची शेवटची तारीख तीच. वर्ष किंवा मुक्कामाची मुदत, यांपैकी जे आधी येईल ते. या बाईच्या बाबतीत २० नोव्हेंबर आधी येतो, म्हणून तिला मिळालेले दिवस चार महिन्यांचे. शिवाय स्पेशल री-एन्ट्री परदेशातून वाढवून मिळत नाही, कारण कितीही खरं असो.

मग पैसे भरून साधं री-एन्ट्री परमिट काढलं असतं तर? हा प्रश्न हमखास येतो. १ एप्रिल २०२५पासून एका फेरीच्या परमिटला ४,००० येन आणि अनेक फेऱ्यांच्या परमिटला ७,००० येन पडतात, ऑनलाइन अर्ज केला तर ५०० येन कमी. ते जास्तीत जास्त पाच वर्षांसाठी मिळतं, पण मुक्कामाच्या मुदतीपलीकडे तेही जात नाही. सात हजार भरले असते तरी पासपोर्टवरच्या स्टिकरवर २० नोव्हेंबरच छापला गेला असता. री-एन्ट्री परमिटाने फक्त परत आत येता येतं. मुक्काम वाढवण्याचं काम ते करत नाही आणि कधीच करत नव्हतं. सगळ्या गोंधळाचं मूळ या दोन गोष्टी एक समजण्यात आहे.

जूनमध्ये काय करता आलं असतं

मुदतवाढीचा अर्ज सर्वसाधारणपणे मुदत संपायच्या तीन महिने आधीपासून घेतात. म्हणजे या बाईला अर्ज २० ऑगस्टपासून देता येणार होता आणि ती गेली २० जुलैला. अर्ज करताना आणि नवं कार्ड हाती घेताना, दोन्ही वेळा अर्जदार जपानमध्ये असावा लागतो. नवऱ्याने मागाहून तिच्या वतीने अर्ज टाकायची सोय नाही.

पण इमिग्रेशनच्याच सूचनेत पुढे लिहिलेलं आहे, की इस्पितळात दाखल व्हायचं असेल, लांबचा दौरा असेल, अशा खास परिस्थितीत तीन महिन्यांच्या आधीही अर्ज घेतला जाऊ शकतो, मात्र आधी त्या कार्यालयात विचारावं. बाळंतपणासाठी मायदेशी जाणं याच सदरात मांडायचं. जपानी बायकाही बाळंतपणाला माहेरी जातात, त्याला त्यांच्याकडे 'सातोगाएरी' म्हणतात, त्यामुळे शिनागावाच्या, म्हणजे टोक्योच्या इमिग्रेशन कार्यालयाच्या, खिडकीवर या कारणाचं नवल वाटत नाही.

तेव्हा योग्य क्रम असा होता. मेअखेरीस शिनागावाला फोन करून किंवा जाऊन विचारायचं. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात अर्ज द्यायचा. नेहमीच्या कागदांसोबत (अर्ज, फोटो, विवाह प्रमाणपत्र आणि त्याचं जपानी भाषांतर, नवऱ्याच्या कार्डाची प्रत, त्याचं नोकरीचं प्रमाणपत्र, निवासी कराची दोन प्रमाणपत्रं) तीन कागद जादा जोडायचे: बाळंतपणाची तारीख लिहिलेलं इस्पितळाचं पत्र, आई-बाळाच्या आरोग्य वहीची, म्हणजे बोशी-तेचोची प्रत, आणि परदेशी जाण्याचं तिकीट. वर एक पानभर कारणपत्र: कधी जाणार, कधी परतणार, मुदत कधी संपते, आणि मुदतीच्या शेवटच्या तीन महिन्यांत जपानमध्ये का नसेन. पत्र साधं आणि तारखांनी भरलेलं असावं, भावना कमी. ते वाचणारा माणूस फाइलवर सही करायला आधार शोधत असतो, तो तारखांतून मिळतो.

यात कराच्या प्रमाणपत्राची एक अडचण ऐन जूनमध्ये येते. नव्या वर्षाचं प्रमाणपत्र कुयाकुशोत, म्हणजे वॉर्ड कार्यालयात, साधारण जूनमध्ये निघायला लागतं. मेमध्ये काढलेलं प्रमाणपत्र आदल्या वर्षाचं असतं आणि खिडकीवर ताजं मागतात, मग आठवडा जातो. आणि १ जानेवारीला ज्या भागात राहत होता तिथलाच वॉर्ड ते देतो. फेब्रुवारीत घर बदलून एदोगावात आलेल्या माणसाला जुन्या वॉर्डाकडूनच आणावं लागतं.

मुदतवाढीला इमिग्रेशन दोन आठवडे ते महिना हा कालावधी सांगतं, टोक्योत गर्दीच्या दिवसांत याहून जास्त लागतो. म्हणूनच जूनचा दुसरा आठवडा ही मर्यादा धरायची. मंजुरी आधी मिळाली तरी नवी मुदत जुन्या तारखेपासूनच मोजतात, म्हणून लवकर अर्ज केल्याने काही गमावत नाही. खिडकीवर शुल्क ६,००० येन, ऑनलाइन ५,५००.

नवं कार्ड हातात घेऊन २० जुलैला निघाली असती, तर तेव्हा स्पेशल री-एन्ट्रीचं वर्ष खरंच पूर्ण वर्ष झालं असतं. तीन वर्षांचं कार्ड मिळालं असतं तर आमच्या मते ४,००० येनचं साधं परमिटही काढून ठेवणं शहाणपणाचं. त्याला एक सवड आहे जी स्पेशलला नाही: ते वर्षाला अडकत नाही, त्यामुळे आजारपणासारख्या कारणाने वर्षात परतता आलं नाही, तरी मुक्कामाच्या मुदतीच्या आत परतता येतं. बाळ अपुऱ्या दिवसांचं जन्मलं, तर हीच सवड लाखमोलाची ठरते. फक्त निघताना विमानतळावरच्या अधिकाऱ्याला ते स्टिकर आवर्जून दाखवायचं, म्हणजे नोंद परमिटावर होईल, स्पेशलवर नाही.

जुलैच्या सुरुवातीला जाग आलेल्यांसाठी एक अर्धा मार्ग उरतो. खास कारणाने अर्ज द्यायचा आणि निर्णय यायच्या आत निघायचं. कार्डाच्या मागच्या बाजूला 'अर्ज प्रलंबित' असा शिक्का बसतो. ऑनलाइन अर्जात शिक्का नसतो, म्हणून अर्ज मिळाल्याचा ईमेल छापून जवळ ठेवायचा. मुदत संपल्यावरही निर्णय लागेपर्यंत किंवा दोन महिने, जे आधी होईल तोवर, मुक्काम चालू समजला जातो. म्हणजे या बाईला फार तर २० जानेवारी २०२६. पण तोवर नुसतं पोहोचून भागत नाही, नवं कार्ड हातात पडायला हवं. शिवाय लवकर दिलेल्या अर्जाचा निकाल ऑगस्टमध्येच लागू शकतो, मग कार्ड घ्यायला या असं पोस्टकार्ड निशी-कासाईच्या पेटीत पडतं आणि बाई असते सांगलीत. हा मार्ग नाइलाज असेल तरच.

सप्टेंबरमध्ये हाती काय उरलं

बाई तेव्हा छत्तिसाव्या आठवड्यात, विमानात बसायचा प्रश्न नाही. बाळंतपणानंतर २० नोव्हेंबरपर्यंत सहा आठवडे. घरात तीन पर्याय निघाले.

पहिला, बाळाला आजीकडे ठेवून बाईने नोव्हेंबरच्या सुरुवातीला एकटीने टोक्योला जायचं, मुदतवाढीचा अर्ज टाकायचा आणि प्रलंबित अर्जावर परत यायचं. कागदावर हे बसतं. पण चार आठवड्यांच्या बाळंतिणीला, कदाचित पोटावर टाके असताना, अंगावर पिणाऱ्या बाळापासून तोडून खंड ओलांडायला लावायचं, आणि पुन्हा जानेवारीची टांगती तारीख गळ्यात. हा पर्याय कुठल्याही कुटुंबाने निवडू नये असं आम्ही स्पष्ट म्हणतो. गेलेला स्टेटस, म्हणजे जपानमध्ये राहण्याचा दर्जा, पुन्हा मिळतो.

दुसरा, बाळाला घेऊनच २० नोव्हेंबरच्या आत पोहोचायचं. बाळाला स्वतःचा पासपोर्ट आणि स्वतःचा व्हिसा लागतो, आईच्या कार्डावर ते येत नाही. जन्मदाखला, पासपोर्ट, मग अल्पमुदतीचा व्हिसा, आणि तिथे गेल्यावर स्टेटस बदलायची विनंती. अल्पमुदतीच्या व्हिसावरून डिपेंडंटमध्ये बदल खास, टाळता न येण्याजोग्या कारणाशिवाय देत नाहीत. सगळं वेळेत झालं तरच हे जमतं, आणि एक कागद अडला तर आईची तारीख निघून जाते.

तिसरा, आईची मुदत संपू द्यायची आणि आई-बाळ दोघांसाठी नव्याने सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी, म्हणजे सीओई (व्हिसाआधी जपानच्या इमिग्रेशनकडून मिळणारं पात्रतेचं प्रमाणपत्र) काढायचं. आम्ही या कुटुंबाला हाच सुचवू. मुदत संपते तेव्हा बाई जपानबाहेर आहे, त्यामुळे ती बेकायदा राहिलेली नाही आणि तिच्या नावावर कुठलाही डाग नाही, हे घरातल्या मोठ्यांना नीट समजावून सांगावं. नुकसान काय होतं तेही स्वच्छ सांगावं: जपानमधल्या सलग मुक्कामाची मोजणी तिच्यापुरती पुन्हा सुरू होते, रहिवासी नोंद आणि कंपनीच्या विम्यातलं अवलंबित म्हणून नाव जातं, माय नंबर कार्ड, म्हणजे रहिवाशांचं ओळखपत्र, बाद होतं (नंबर तोच राहतो). एक वर्षाच्या मुक्कामात हे फार मोठं नाही. नऊ वर्षं राहून कायम वास्तव्याच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसाचं गणित अर्थातच वेगळं.

बाळाचं नाव आणि कागदांची रांग

बाळाच्या कागदांत सगळ्यात जास्त वेळ नावावर जातो. आपल्याकडे बारशाच्या आधी नाव ठरत नाही, आणि इस्पितळ महापालिकेला जन्माची नोंद कळवतं ती नावाशिवाय. नंतर नाव घालता येतं, पहिल्या वर्षात त्याला विलंबशुल्क नाही. पण नाव नसलेल्या दाखल्यावर सीओईचा अर्ज पुढे सरकत नाही. तेव्हा नाव आधी ठरवून ठेवावं आणि बारशाची वाट न पाहता नोंदवावं. बारसं हवं तेव्हा थाटात करावं.

नाव कसं लिहायचं हेही आधीच ठरवायचं. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव ही आपली रीत. पासपोर्टाच्या अर्जात दोनच रकाने: दिलेलं नाव आणि आडनाव. वडिलांचं नाव दिलेल्या नावाच्या रकान्यात घालायचं की नाही, हा निर्णय एकदाच घ्यावा आणि दाखला, पासपोर्ट, सीओई तिन्हींवर अक्षर न अक्षर तोच ठेवावा. दाखल्यावर शेवटी एक 'ए' आणि पासपोर्टवर दोन, एवढ्यावरून व्हिसाचा अर्ज परत येतो. सीओईच्या अर्जाला पासपोर्ट असावाच लागतो असं नाही, जन्मदाखला आणि भाषांतर पुरतं, म्हणून दोन्ही कामं एकदम चालू ठेवता येतात. पण पासपोर्टवर कसं छापणार ते ठरल्याशिवाय सीओईवर नाव लिहू नये.

लहान मुलाच्या पासपोर्टला आई-वडील दोघांच्या सहीचं अ‍ॅनेक्शर डी, म्हणजे त्यांच्या संमतीचं पत्र, लागतं. वडील टोक्योत असतील, तर त्यांची सही भारतीय दूतावासात साक्षांकित करून कागद आधीच मागवून घ्यावा. बाळंतपणाला वडील येणार असतील, तर याच कामासाठी त्यांच्या रजेतला एक दिवस राखून ठेवावा.

आता सीओईचे अर्ज. बाळाचा ऑक्टोबरअखेरीस देता येतो, आईचा नाही, कारण तिचा जुना स्टेटस २० नोव्हेंबरपर्यंत जिवंत आहे आणि जिवंत स्टेटस असलेल्या माणसाचा नवा सीओई अर्ज खिडकीवर अडतो. मग बाळाचा तरी लगेच देऊन टाकू, असं वाटतं. देऊ नये. सीओई निघाल्यापासून तीन महिनेच चालतो, आणि निर्णयाला एक ते तीन महिने लागतात. बाळाचा डिसेंबरच्या सुरुवातीला निघाला आणि आईचा फेब्रुवारीअखेरीस, तर दोघांनी एकत्र व्हिसा काढून प्रवास करायला जेमतेम आठवडा उरतो. दोन्ही अर्ज २५ नोव्हेंबरच्या सुमारास एकत्र द्यावेत. अर्ज नवरा देऊ शकतो, शुल्क नाही.

आईच्या अर्जाला पुन्हा एक कारणपत्र जोडावं: कधी उतरली, कधी बाहेर पडली, बाळ कधी जन्मलं, मुदत कधी संपली. जुन्या कार्डाची प्रत लावावी. पूर्वी जपानमध्ये आल्याचा आणि पूर्वीच्या सीओई अर्जाचा रकाना कोरा ठेवू नये, ती नोंद त्यांच्याकडे असतेच. जुनं कार्ड परत करावं लागतं. ते इमिग्रेशनच्या ओदाइबा शाखेला टपालाने पाठवता येतं. पाठवण्याआधी दोन्ही बाजूंची प्रत काढून ठेवावी.

माहेरी असतानाच पासपोर्टवर नवऱ्याचं नाव चढवून घेऊ, असाही बेत बऱ्याच घरांत होतो. नव्या सीओईच्या मार्गाने जाणार असाल तर अर्जाआधी उरकून घ्या, काही बिघडत नाही. पण जिवंत कार्डावर परतणार असाल, तर कार्डावर जुनं नाव आणि पासपोर्टवर नवं, असं मुंबईच्या चेक-इनला दिसतं आणि तिथे अडवतात. रद्द झालेला जुना पासपोर्ट आणि विवाह प्रमाणपत्र हातसामानात हवं, आणि उतरल्यावर चौदा दिवसांत नावबदल इमिग्रेशनला कळवायला हवा.

सीओई आता ईमेलनेही मिळतो, त्यामुळे कुरियरचे दिवस वाचतात. महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही मुंबईच्या कॉन्सुलेटकडे येतात, अर्ज व्हीएफएस या व्हिसा अर्ज केंद्रामार्फत. नारिता किंवा हानेदाला उतरल्यावर दोघांना नवी कार्डं मिळतात. घरी पोहोचल्यापासून चौदा दिवसांत कुयाकुशोत पत्ता नोंदवायचा. नातं दाखवायला विवाह आणि जन्म प्रमाणपत्रं, दोन्हींची जपानी भाषांतरं सोबत न्यायची.

पाच लाखांच्या आसपासची रक्कम

ही गोष्ट फार कमी जोडप्यांना ठाऊक असते. जपानच्या आरोग्य विम्यातून बाळंतपणाला एकरकमी मदत मिळते, आणि बाळंतपण परदेशात झालं तरी मिळते. जपानमधल्या नेहमीच्या इस्पितळात ५,००,००० येन, परदेशात ४,८८,००० येन. अवलंबित बायकोच्या बाळंतपणालाही ती नवऱ्याच्या कंपनीच्या विम्यातून मिळते. अट एवढी, की जन्माच्या दिवशी ती त्या विम्यात असली पाहिजे.

या प्रकरणात जन्म १० ऑक्टोबरचा आणि मुदत २० नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे हक्क शाबूत आहे. तो जाऊ शकतो एकाच कारणाने: निघताना कुणीतरी सल्ला दिला म्हणून कुयाकुशोत परदेशी स्थलांतराची नोंद केली असेल तर. एप्रिल २०२०पासून अवलंबितांना जपानमधल्या रहिवासी नोंदीची अट आहे, ती नोंद काढली की विमा डळमळतो. वर्षाच्या आतल्या बाळंतपणाच्या प्रवासासाठी ही नोंद सहसा करावीच लागत नाही. मागणीअर्जाला जन्मदाखला, इस्पितळाचं बाळंतपणाचं प्रमाणपत्र, दोन्हींची भाषांतरं, बाई त्या काळात परदेशात होती हे दाखवणाऱ्या पासपोर्टच्या पानांच्या प्रती आणि परदेशी इस्पितळात चौकशी करायला संमतिपत्र लागतं. इस्पितळातून घरी सोडतानाच डॉक्टरांची सही-शिक्का असलेलं प्रमाणपत्र इंग्रजीत मागून घ्यावं, सहा महिन्यांनी ते मिळवणं कठीण जातं. मागणीची मुदत जन्माच्या दुसऱ्या दिवसापासून दोन वर्षं.